फ्लेमिंगोंची अदलाबदल

शारजा, १९ सप्टेंबर १९९७

ती. मुरलीधरभाऊंस
सा. न. वि. वि.

तुमचं गणपतीतलं पत्र मिळालं. कुंदावहिनींनी पाठवलेला पापडांचा डबा अर्धा तुटका, अर्धा साबूत पोहोचला. तुटके ईशानीने संपवले. साबूत मी ठेवून दिले आहेत.

एका वेगळ्या कामासाठी लिहितो आहे. छाया इथे मुलांची बेसबॉलची टीम चालवायची, हे तुम्हाला माहीत आहे. आठ ते बारा वयाची मुलं आणि मुली, एकूण सहा टीम, दर शुक्रवारी सकाळी सामना. तिच्या टीमचं नाव मजाज फ्लेमिंगोज. आम्ही राहतो त्या अल मजाजचं मजाज, आणि फ्लेमिंगो अशासाठी की एका लाँड्रीवाल्याने गुलाबी टोप्या फुकट दिल्या. पाच वर्षांत मी तिचे तीन सामने पाहिले. त्यातला एक पावसाने रद्द झाला. शारजात.

गेल्या आठवड्यात लीगच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. टीम आता कोणाला द्यायची? मी 'कोणालाही द्या' असं म्हणणार होतो. ईशानी समोर जेवत होती, ती चावायची थांबली. मी म्हटलं, "मी बघतो." म्हणजे आता मी मॅनेजर आहे.

गेल्या वर्षी छाया आजारी पडल्यावर टीमचं काही खरं राहिलं नाही. बारा सामन्यांत एक जिंकले, तोही समोरची टीम शाळेच्या सहलीला गेली होती म्हणून. तुम्ही बत्तीस वर्षं शाळेत हा खेळ शिकवलात, बहीण म्हणून सूट न देता छायालाही शिकवलंत. इथे पुस्तकं मिळतात, पण ती ज्यांना खेळ येतो त्यांच्यासाठी लिहिलेली आहेत. मला बॉल झेलतासुद्धा येत नाही. सुरुवात कुठून करावी?

ईशानीने जूनमध्ये कायमचं तुमच्याकडे यायचं ठरलं आहे, ते तसंच आहे. मी छायाच्या तेराव्याला हो म्हटलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीला एकट्या पुरुषाने परदेशात वाढवणं अवघड, हे तुमचं म्हणणं मला पटतं. तिला अजून सांगितलेलं नाही. सीझन मार्चमध्ये संपतो, तेव्हा सांगेन.

आपला
चारुदत्त

---

जळगाव, ४ ऑक्टोबर १९९७

श्री. चारुदत्तराव यांस
स. न. वि. वि.

पत्र वाचून कुंदाला म्हटलं, "जावई मैदानात उतरले!" ती म्हणाली, "पेपर घेऊन गेले असतील." रागावू नका.

तुम्ही त्याला बेसबॉल म्हणता. जळगावातले निम्मे लोक सॉफ्टबॉलला तेच म्हणतात. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय. छायाही लिहायची, "दादा, आपलाच खेळ शिकवते इथे." असो.

आता ऐका. हरणारी टीम उभी करायची तर फटके मारणारी धिप्पाड पोरं गोळा करायची नसतात. ती पोरं फक्त टाळ्या मिळवतात. सगळा खेळ पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या मनगटात असतो. तुमच्याकडे अदलाबदल करता येत असेल तर मोठी पोरं देऊन टाका आणि नऊ-दहा वर्षांचे पिचर घ्या. हाडकुळे चालतील. रडके चालतील. यंदा हराल. पुढच्या वर्षी कमी हराल. तिसऱ्या वर्षी लोक तुम्हाला सल्ला विचारायला येतील.

आणि एक नियम पाठ करा. तरुण पिचर हातात आला की तो कोणत्याही बदल्यात द्यायचा नाही. समोरचा कितीही मोठा माणूस असो, कितीही गयावया करो, नाही म्हणजे नाही.

हाताची चित्रं काढून पाठवतो आहे, एक ते चार. हात खालून येतो हे विसरू नका. पाटावरवंट्याइतक्या जमिनीलगत नव्हे, मांडीच्या बाजूने. पूर्ण गोल फिरवून मनगट मांडीपाशी झटकायचं.

ईशानीसाठी आतली खोली रंगवून घेतली. रंग कुंदाने निवडला, गुलाबी. शाळेच्या हेडमास्तरीणबाईंशीही बोललो आहे.

आपला
मुरलीधर

---

शारजा, २४ ऑक्टोबर १९९७

ती. भाऊंस
सा. न. वि. वि.

चित्रं मिळाली. ऑफिसात मोठी करून घेतली आणि मुलांना एकेक प्रत दिली.

अदलाबदल इथे दर वर्षी होते. सीझनच्या आधी एका गुरुवारी सहाही मॅनेजर क्लबात एका टेबलाभोवती बसतात, समोर मुलांच्या याद्या. कोणाची टीम फार भारी होऊ नये म्हणून ही प्रथा. सगळं नीट लिहून घेतात. नियम एकच आहे. मॅनेजरचं स्वतःचं मूल बदलीच्या यादीत येत नाही. ते आपल्या आईबापाबरोबरच राहतं. नाहीतर शुक्रवारी सकाळी सहाला त्याला मैदानावर आणणार कोण, असा त्यामागचा विचार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. आमच्याकडे रेहान नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता, आमच्याच कंपनीतल्या मुश्ताकचा. त्याचा फटका कुंपणाबाहेर जातो. तो आणि आणखी एक उंच मुलगा मी फाल्कन्सना दिले. बदल्यात बिलकीस नावाची नऊ वर्षांची मुलगी आणि सुजीत नावाचा दहा वर्षांचा मुलगा घेतला. दोघंही याच वर्षी इथे आलेली. बिलकीसची टोपी तिच्या नाकावर येते.

फाल्कन्सचे मॅनेजर टेक्सासचे आहेत, तेलाच्या कंपनीत मोठे साहेब. त्यांनी मला तीनदा विचारलं, "आर यू शुअर, सर?" तिसऱ्यांदा त्यांनी आवाज खाली आणला, माझ्यावर नुकताच प्रसंग गुदरला आहे हे त्यांना आठवलं असावं. मी म्हटलं, "येस." सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "यल्ला, चला, लिहून टाका."

ईशानीलाही पिचिंग शिकवतो आहे. शिकवतो म्हणजे चित्र धरून उभा राहतो. गुलाबी खोलीचं तिला कळवलं नाही. टोपीमुळे ती त्या रंगाला कंटाळली आहे.

आपला
चारुदत्त

---

जळगाव, ९ नोव्हेंबर १९९७

श्री. चारुदत्तराव यांस
स. न. वि. वि.

वा! रेहानसारखा पोरगा देऊन टाकायला छाती लागते. मी चाळीस कोच पाहिले असतील, त्यातल्या दोघांना हे जमलं असतं. आणि शेकडो पोरांतून नेमकी दोन उचललीत! काय पाहिलंत त्यांच्यात? बोटं लांब आहेत का? खांदा सैल आहे का? तुम्हाला नजर आहे हो. छाया कधी बोलली नाही. की तिलाही माहीत नव्हतं?

मी इथे सगळ्यांना सांगतो, आमचे जावई अबोल, पण माणूस वाचतात.

चित्र पाच आणि सहा पाठवतो. पाय कसा पडतो ते बघा.

आपला
मुरलीधर

---

शारजा, १२ डिसेंबर १९९७

ती. भाऊंस
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उशिरा उत्तर देतो आहे, कारण पहिले पाच सामने आम्ही हरलो. त्यातला एक फाल्कन्सशी. रेहानने आमचा एक बॉल पार्किंगमधल्या आमच्याच गाडीवर मारला.

गेल्या शुक्रवारी जिंकलो. बिलकीस मैदानाच्या मधल्या मातीच्या उंचवट्यावर चढली, तिथून पिचर बॉल टाकतो, आणि तिने हात खालून फिरवला. समोरचा मुलगा बघतच राहिला. इथे सगळे हात खांद्यावरून आणतात, त्यामुळे खालून वर येणारा बॉल कोणालाच कळेना. तीन मुलं ओळीने बाद झाली. पंचांनी खेळ थांबवला, पुस्तक मागवलं, वीस मिनिटं पानं उलटली आणि हात कुठून यावा याबद्दल मनाई सापडत नाही असा निकाल दिला. मग ते माझ्याजवळ येऊन थोडं बोलले. सुजीत आणि ईशानीनेही तसंच टाकलं. आता बाकीच्या टीममध्ये चर्चा आहे की फ्लेमिंगोजच्या मॅनेजरने इंडियाहून काहीतरी आणलं आहे.

आता तुम्ही जे विचारलंत त्याबद्दल. मी मुलांची बोटं पाहिली नव्हती. खांदेही नाही. मी व्हिसा पाहिले.

कंपनीत माझं काम व्हिसा आणि पासपोर्टचं आहे. इथे व्हिसा तीन वर्षांचा. तो संपला आणि कंपनीने पुढे सही केली नाही, तर महिन्याभरात सगळं घर परत. टीममधल्या मुलांपैकी कोणाचा बाप कधी जाणार, हे मला बरंचसं आधी कळतं. बाकीच्यांचं बोलण्यातून कळतं. कोणी नवा सोफा घेतला की दोन वर्षं तरी धरायची. तुम्ही तीन वर्षांचं म्हणालात, म्हणून मी तीन वर्षं राहणारी मुलं घेतली. बिलकीसच्या वडिलांचा शिक्का सप्टेंबरचा, सुजीतच्या वडिलांचा ऑगस्टचा. जी दिली त्यांचे मार्चपर्यंत संपतात. माणूस वाचतो असं तुम्ही म्हणालात, पण मी फक्त तारखा वाचतो.

परवा मुश्ताक माझ्या टेबलापाशी चहा घेऊन आला. म्हणाला, "साब, एक बात पूछूँ? रेहान को आपने दे दिया. तो मेरा भी नंबर लग गया क्या?"

मी म्हटलं, "खेल की बात है, मुश्ताकभाई."

"अच्छा, खेल की. इन्शाल्ला," म्हणाला आणि चहा तिथेच ठेवून गेला.

त्याचा अर्ज सही न होता परत आलेला मी ऑक्टोबरातच पाहिला होता. ते सांगण्याचा अधिकार मला नाही. मुलगा देऊन टाकण्याचा मात्र होता.

आपला
चारुदत्त

---

जळगाव, १८ जानेवारी १९९८

श्री. चारुदत्तराव यांस
स. न. वि. वि.

पोरांचे हात न बघता बापांचे शिक्के बघितलेत! मी गावभर तुमच्या नजरेचं कौतुक करून बसलो, आता कोणाकोणाला काय सांगू? कुंदा दोन दिवस हसते आहे. मुश्ताकचं वाचलं तेव्हा मात्र उठून आत गेली.

चित्र सात, आठ आणि नऊ पाठवतो आहे. सावकाश काढली आहेत. मुलांना घाई करू देऊ नका.

शाळेचा फॉर्म सोबत आहे. बापाची सही खाली उजवीकडे. तीस एप्रिलच्या आत इथे पोहोचला पाहिजे, हेडमास्तरीणबाई त्यानंतर ऐकणार नाहीत. वर्षश्राद्धाला येता आलं तर या. नाहीतर आम्ही करतो.

तुम्ही ईशानीला सांगितलंत का?

आपला
मुरलीधर

---

शारजा, २० फेब्रुवारी १९९८

ती. भाऊंस
सा. न. वि. वि.

रजा मिळाली नाही. खरं म्हणजे मी मागितली नव्हती. वर्षश्राद्धाच्या दिवशी शुक्रवार होता, सामना होता. जिंकलो. घरी आल्यावर ईशानीने आणि मी वरणभात केला आणि एक पान जास्त वाढलं. पुढे काय करायचं ते मला आठवेना. ते पान आम्ही तसंच झाकून ठेवलं.

मुश्ताकला कागद मीच दिला. इथे ते माझं काम आहे. त्याने पाकीट उघडलंही नाही. "साब, मुझे तो अक्टूबर में ही मिल गया था," म्हणाला. मी उभा राहिलो, तर तोच मला बसा म्हणाला. ते सगळे ईदनंतर आवरायला लागले होते, परवा कराचीला गेले. रेहान टोपी परत द्यायला आला होता, गुलाबी, आमची जुनी. मी म्हटलं ठेव. त्याने ठेवली नाही.

आता दुसऱ्या टीमचे आईबापही अदलाबदलीच्या यादीकडे वेगळ्या नजरेने बघतात. एका बाईंनी मला लिफ्टमध्ये विचारलं, "भाईसाहब, हमारा नाम तो नहीं है ना?" त्यांचा मुलगा आमच्या टीममध्ये नाही. त्यांच्या नवऱ्याची कंपनीही वेगळी.

फॉर्म मिळाला. ईशानीला सांगितलेलं नाही. सीझन संपायला तीन शुक्रवार आहेत.

आपला
चारुदत्त

---

शारजा, १५ मार्च १९९८

प्रिय मामा,

मी मराठीत लिहिते आहे कारण मामी म्हणते मी मराठी विसरले. मी विसरले नाही, फक्त स्लो आहे.

आमचा लास्ट गेम फाल्कन्सशी होता. मी पिच केलं. तुमच्या आठ नंबरच्या चित्रासारखं. आम्ही जिंकलो. सिक्स टीम्समध्ये आम्ही थर्ड आलो. थर्डला कप नसतो, सगळ्यांना बर्गर असतो. बिलकीस बर्गर हातात घेऊन रडली, ती का रडली कोणालाच माहीत नाही.

पण मामा, इट वॉजन्ट फेअर. रेहान नव्हता. तो असता तर आम्ही हरलो असतो. मी गाडीत बाबांना म्हटलं, "यू न्यू ही वुड बी गॉन." बाबा म्हणाले, "हो." मग ते सिग्नल हिरवा झाला तरी थांबले आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

आईचं स्कोअरबुक आता मी लिहिते. घरी येऊन लास्ट गेम लिहायला उघडलं तर मागच्या पानात तुमच्या शाळेचा फॉर्म होता. त्यावर माझं नाव होतं. बाबांनी तो तिथे ठेवला कारण त्यांना वाटलं सीझन संपला, आता ते बुक कोणी उघडणार नाही.

मी विचारलं, "बाबा, अॅम आय बीइंग ट्रेडेड?"

बाबा म्हणाले, "तुला मामांकडे आवडतं ना?"

मी म्हटलं, "आवडतं. मे महिन्यात."

मग बाबांनी सगळी भांडी घासली. घासलेलीपण.

मामा, बाबा ज्यांचा व्हिसा संपतो त्यांना ट्रेड करतात. मला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी माझा पासपोर्ट काढून बघितला. माझा व्हिसा २००० सालापर्यंत आहे. मग मी लिस्टमध्ये कशी?

आणि माझ्या बदल्यात बाबांना काय मिळणार आहे? ते त्यांनी सांगितलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर लिहा.

मामीला नमस्कार. बाबांनी आता खोलीचंही सांगितलं. गुलाबी रंग ओके आहे, पण तुम्ही मला विचारलं नाही.

तुमची
ईशानी

---

शारजा, २९ मार्च १९९८

ती. भाऊंस
सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र टाकल्याचं ईशानीने मला पोस्टातून आल्यावर सांगितलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही. अंदाज आहे.

आधी एक बातमी. कंपनी शारजाचं ऑफिस लहान करते आहे. एक मेपासून माझी बदली फुजैराला, तेलाच्या टर्मिनलवर. देशाच्या दुसऱ्या बाजूचा समुद्र, डोंगर ओलांडून दोन तासांचा रस्ता. मी इतक्या लोकांच्या फाइली पाहतो, पण स्वतःची फाइल स्वतः हाताळायची नाही असा नियम आहे, त्यामुळे मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. माझ्यानंतर जो हे काम बघणार आहे त्याला म्हणे जानेवारीतच माहीत होतं. जानेवारीत त्याने मला स्वतःहून दोनदा जेवायला बोलावलं होतं. मला वाटलं, माझ्यावरच्या प्रसंगामुळे.

म्हणजे तीन वर्षांसाठी बांधलेली टीम मला सहा महिने मिळाली. ती आता बिलकीसची आई नूरजहाँ बघतील. त्या सीझनभर गाडीत बसून सामने पाहत होत्या आणि त्यांना सगळ्या मुलांच्या चुका पाठ आहेत. फाल्कन्सचे मॅनेजर मला भेटायला आले. म्हणाले, पुढच्या वर्षी कोणती मुलं घेऊ? त्यांना वाटतं मला खेळ कळतो. मी त्यांना सांगितलं, लहान पिचर घ्या. हा तुमचा सल्ला तुम्हाला न विचारता दिला.

आता फॉर्मबद्दल.

फुजैराला बदली झाल्यावर ईशानीला तुमच्याकडे पाठवणं जास्तच सोपं आहे. तिथे आपले लोक फार नाहीत, शाळा एकच आहे, घर टर्मिनलच्या जवळ. तुम्ही जी कारणं तेराव्याला दिली होती ती सगळी आता जास्त खरी झाली आहेत. मी ती एका कागदावर लिहून काढली. कागद भरला. दुसऱ्या बाजूला लिहायला घेतलं तेव्हा एकच वाक्य सुचलं, आणि तेही माझं नव्हतं.

तुम्ही ४ ऑक्टोबरच्या पत्रात लिहिलं आहे की तरुण पिचर हातात आला की तो कोणत्याही बदल्यात द्यायचा नाही, समोरचा कितीही मोठा माणूस असो. मूळ पत्र माझ्याकडे आहे, हवी असल्यास प्रत पाठवतो.

शिवाय मॅनेजरचं मूल बदलीच्या यादीत येत नाही, हा इथला नियम मी तुम्हाला कळवला होता. तो मी स्वतः सहा महिने पाळला नाही. ती यादीत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. मुश्ताकच्या बाबतीत माझ्याकडे निदान अधिकार नसल्याचं कारण होतं.

फॉर्म सोबत परत पाठवत आहे. सही केलेली नाही.

मला हे जमेल असं मी म्हणत नाही. तिच्या वेण्या मला घालता येत नाहीत, तिने केस कापून घेतले. ती इंग्रजीत रागावते तेव्हा मला अर्धं कळत नाही. यंदा हरेन. पुढच्या वर्षी कमी हरेन असा अंदाज आहे.

वहिनींना सांगा, खोली मेच्या सुट्टीसाठी तशीच राहू द्या.

आपला
चारुदत्त

---

जळगाव, १६ एप्रिल १९९८

श्री. चारुदत्तराव यांस
स. न. वि. वि.

तुमचं आणि पोरीचं अशी दोन्ही पत्रं दहा-बारा दिवसांच्या अंतराने आली. पोरीचं आधी. 'माझ्या बदल्यात बाबांना काय मिळणार' हे वाचून मी ते कुंदाकडे दिलं आणि अंगणात जाऊन बसलो. कुंदा बाहेर आली नाही. थोड्या वेळाने आतून म्हणाली, "तो फॉर्म परत मागवा." मी म्हटलं, बघू जावई काय करतात. तर जावयांनी माझाच बॉल माझ्याकडे टाकला, तोही खालून!

मी तुमच्यावर रागावलो आहे. हेडमास्तरीणबाईंसमोर मला तोंड दाखवायचं आहे. राग जूनपर्यंत राहील. मग उतरेल.

आता माझी एक गोष्ट. बत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, म्हणून लिहितो.

मी तुम्हाला चुकीचा हात शिकवला. ऑक्टोबरात मला खरंच वाटलं की तुम्ही सॉफ्टबॉललाच बेसबॉल म्हणता आहात. डिसेंबरच्या पत्रात तुम्ही मातीच्या उंचवट्याचं लिहिलंत. सॉफ्टबॉलला उंचवटा नसतो, पिचर सपाट जमिनीवर उभा राहतो. ते वाचलं तेव्हाच कळलं की तुमचा खेळ वेगळा आहे आणि तिथे हात वरून येतो. लगेच लिहायला हवं होतं. पण तोपर्यंत मी चित्र सातला हात घातला होता.

चारुदत्तराव, ती चित्रं पुस्तकातून काढलेली नाहीत. तो छायाचा हात आहे. आठवीत असताना ती तशी टाकायची. मनगट झटकल्यावर अंगठा जरा बाहेर राहायचा, तो दोष होता, मी चार वर्षं ओरडूनही गेला नाही. चित्रातही तसाच काढला आहे. मला वाटलं, तुम्हाला चूक सांगितली तर तुम्ही चित्रं मागणं थांबवाल.

तुमची पोरं चुकीच्या हाताने जिंकली, त्याचं श्रेय मी घेत नाही. पण गावात सांगितलं आहे.

आपला
मुरलीधर

---

फुजैरा, ११ मे १९९८

ती. भाऊंस
सा. न. वि. वि.

घर लागलं. खिडकीतून तेल भरायला थांबलेली जहाजं दिसतात. ईशानी ती मोजते. सुट्टीत यायची तिकिटं काढली आहेत, २८ तारखेची, दोघांची आणि परतीची. शाळेत तिला पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं की तू कोणता खेळ खेळतेस. तिने सांगितल्यावर कोणालाच कळलं नाही. ती खूश आहे.

हाताबद्दल तुम्ही लिहिलंत. मला माहीत होतं. डिसेंबरात पंच माझ्याजवळ येऊन बोलले असं मी लिहिलं होतं, ते हेच बोलले. हा हात दुसऱ्या खेळातला आहे, ज्याने शिकवला त्याला कळवा, असं म्हणाले. मी हो म्हटलं आणि कळवलं नाही. चित्रं थांबली असती.

अंगठ्याचंही मला माहीत होतं. ती पोळी उलटताना तो तसाच बाहेर राहायचा. चित्र एकपासून मी तो ओळखला होता. ईशानीचाही तसाच राहतो. मी तिला ओरडत नाही.

इथे टीम नाही. टर्मिनलच्या कुंपणाबाहेर एक सपाट मैदान आहे, उंचवटा नसलेलं. तिथे एक पिचर आहे आणि बॉल झेलायला मी. त्यासाठी हातमोजा घेतला, एकशेवीस दिरहम, म्हणजे बाराशे रुपये झाले, पण दुकानदार ऐकेना. पहिल्या आठवड्यात दहातले दोन झेलले. ईशानी म्हणते, "बाबा, यू क्लोज युअर आइज." काल तीन झेलले.

एक विचारायचं आहे. चित्र सातमध्ये चेहरा काढलेला नाही, फक्त हात आहे. बॉल सुटताना छाया कुठे बघायची, बॉलकडे की झेलणाऱ्याकडे? ईशानी विचारते आहे. मलाही माहीत करून घ्यायचं आहे.

आपला
चारुदत्त